बनावट युद्धचित्रफिती ओळखायच्या, तर खेळातली तोफ समजून घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, रात्रीच्या आकाशात प्रकाशरेषांचा मारा करणाऱ्या तोफांच्या चित्रफिती घरोघरी व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्यातल्या काही खऱ्या होत्या. आपल्या सैन्याने ड्रोन पाडण्यासाठी एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का या तोफा खरोखरच वापरल्या. काही मात्र ‘आर्मा ३’ या संगणकावरच्या युद्धखेळातून काढलेल्या होत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरची लढाई चालू असताना काही भारतीय वृत्तवाहिन्यांनी याच खेळातले दृश्य पाकिस्तानी विमानांचा हल्ला म्हणून दाखवले होते. पुढे २०२२ मध्ये युक्रेन आणि २०२३ मध्ये गाझा, दोन्ही वेळा तेच घडले.

अशा वेळी वृत्तपत्रे ज्या सूचना छापतात त्या योग्यच असतात. क्लिप कुठून आली ते पाहा, रिव्हर्स इमेज सर्च करा, म्हणजे तेच चित्र इंटरनेटवर आधी कुठे आले होते ते शोधा, अंधुक चित्रावर विश्वास ठेवू नका. पण क्लिप आज सकाळीच तयार झालेली असेल तर त्या शोधात काहीही हाती लागत नाही, आणि खऱ्या युद्धातले मोबाइलवरचे चित्रणही अंधुकच असते. आम्ही हा खेळ खेळतो आणि त्यात इतरांसाठी मोहिमाही रचतो. त्यावरून आमचे ठाम मत असे, की गाडीवरची स्वयंचलित तोफ, जिला खेळणारे सगळे ऑटोकॅनन म्हणतात, या खेळात कशी चालवली जाते ते एकदा नीट कळले की पुष्कळशा बनावट क्लिप त्या तोफेच्या वागण्यावरूनच पकडता येतात. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत. काटछाट करावी लागली तर आमची मते गाळावीत, तपशील ठेवावेत.

आर्मा ३ हा चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीचा खेळ १२ सप्टेंबर २०१३ रोजी बाजारात आला. त्याचे कथानक २०३५ सालात घडते. अल्टिस आणि स्ट्रॅटिस ही त्यातली बेटे ग्रीसमधल्या लेम्नोस आणि आयोस एफस्त्रातिओस या बेटांवरून रचली आहेत. याच घराण्यातून निघालेले व्हीबीएस नावाचे सॉफ्टवेअर अनेक देशांची सैन्ये प्रशिक्षणासाठी वापरतात. त्यामुळे हा खेळ पळत पळत गोळ्या झाडण्याचा नाही. इथे गोळा अंतरानुसार खाली येतो, हवेच्या विरोधाने मंदावतो, पत्रा किती जाड आहे त्याप्रमाणे आरपार जातो किंवा उसळून भलतीकडे निघतो. एवढी काळजी घेतलेली असल्यामुळेच त्याची चित्रे माणसाला फसवतात.

ऑटोकॅनन असलेल्या गाड्या या खेळात मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या, पायदळाला घेऊन जाणाऱ्या चिलखती गाड्या. नाटोच्या बाजूची एएमव्ही-७ मार्शल आठ चाकांची असून तिच्यावर ४० मिमीची तोफ आहे. सीसॅट या विरोधी गटाची बीटीआर-के कामिश, आणि बेटाच्या स्थानिक सैन्याच्या गॉर्गन व मोरा या गाड्यांवर ३० मिमीची. दुसऱ्या, विमानविरोधी गाड्या. नाटोची चीता आणि सीसॅटची टिग्रिस, दोन्हींवर ३५ मिमीची तोफ आणि सोबत टायटन क्षेपणास्त्रे. गाडीत ड्रायव्हर, गनर आणि कमांडर अशा तीन जागा असतात. एकटा खेळणारा बहुधा गनरच्या जागी बसतो आणि बाकीच्या जागा संगणकाच्या सैनिकांकडे सोपवतो.

दारूगोळा मोजका असतो. मार्शलच्या ४० मिमी तोफेला स्फोटक गोळ्यांचे ६० चे मॅगझिन मिळते आणि चिलखतभेदी गोळ्यांचे ४० चे. ३० मिमीच्या तोफांना स्फोटक १४० आणि चिलखतभेदी ६०. चीता आणि टिग्रिसला ३५ मिमीचे ६८० गोळे. हा ६८० चा आकडा हवेतून आलेला नाही. जर्मनीची गेपार्ड ही खरी विमानविरोधी गाडी तेवढेच गोळे बाळगते. दोन जातींच्या गोळ्यांमध्ये अदलाबदल करायला मूळ मांडणीत एफ ही कळ आहे. पायदळावर चिलखतभेदी गोळा वाया जातो, कारण तो फुटत नाही, नुसते भोक पाडून निघून जातो. रणगाड्यावर स्फोटक गोळे मारले तर धूर दिसतो, रणगाडा चालतच राहतो. मोकळ्यावर पळणाऱ्या सैनिकांसाठी शेजारची ७.६२ मिमीची मशीनगन पुरते. तोफेचे गोळे भिंतीमागे दडलेल्यांसाठी आणि हलक्या गाड्यांसाठी राखावेत. रणगाड्याशी समोरासमोर पडू नये. पडलेच तर बाजू, मागचा भाग आणि पट्टे हीच लक्ष्ये. एप्रिल २०१८ मधल्या टँक्स या जोड-आवृत्तीनंतर रणगाड्यांवर स्फोटक चिलखताचे ठोकळे आणि जाळीही आली.

आता नेम कसा घ्यायचा ते. माउसचे उजवे बटण दाबून दुर्बिणीत जायचे, फुलीचे केंद्र लक्ष्यावर ठेवायचे आणि टी दाबायचा. लेझर अंतर मोजते आणि तोफेची उंची आपोआप बसते. लक्ष्य चालते असेल तर फुली दोन-तीन क्षण त्याच्यासोबत स्थिर फिरवत ठेवायची आणि मग टी दाबायचा, म्हणजे यंत्रणा त्याचा वेगही धरते आणि तोफ तेवढी पुढे वळवते. याचे महत्त्व साध्या गणिताने पटेल. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर सरकते. गोळ्याला पोहोचायला दीड सेकंद लागत असेल तर नेम साडेसोळा मीटर पुढे, म्हणजे जवळजवळ दोन गाड्यांच्या लांबीइतका पुढे धरावा लागतो. नजरेच्या अंदाजाने हे साधत नाही. लेझर वापरायचे नसेल किंवा नेमाची यंत्रणा बंद असेल तर पेज अप आणि पेज डाउन या कळांनी अंतर हाताने लावता येते. रात्री एन दाबून उष्णताचित्र चालू करायचे. त्यात चाललेले इंजिन, फिरलेली चाके आणि नुकतीच झाडलेली तोफेची नळी उजळ दिसते. थांबलेली गाडी शत्रूची आहे की जळून विझलेली, हे याच उजेडावरून ठरवावे लागते.

मारा तीन ते पाच गोळ्यांच्या झटक्यांत करावा आणि मध्ये थांबून गोळे कुठे पडतात ते पाहावे. सलग दाबून धरले तर नळीसमोरची ज्वाला आणि उडालेली धूळ लक्ष्य झाकून टाकते. पुढचे दहा गोळे मग धुळीतच जातात.

नेमके काय चुकते? सर्वांत जास्त वेळा असे होते, की लेझर लक्ष्यावर न पडता मधल्या झुडपावर किंवा कुंपणावर पडते. अंतर १२०० च्या ऐवजी ३०० मीटर भरते आणि सगळे गोळे अलीकडे मातीत रुततात. उपाय म्हणजे लक्ष्याच्या वरच्या भागावर टी दाबणे आणि पडद्यावर उमटलेला आकडा डोळ्यांनी तपासणे. दुसरी चूक, लक्ष्य थांबते पण यंत्रणेत आधीचा वेग तसाच राहतो आणि गोळे पुढून निघून जातात. पुन्हा टी दाबल्याशिवाय ते सुधारत नाही. तिसरी चूक टेकडीच्या कडेची. गनरची दुर्बीण नळीच्या वर असते. दुर्बिणीतून समोरचे सारे स्वच्छ दिसते, पण नळी अजून मातीच्या कडेखालीच असते. स्फोटक गोळा मग आपल्याच गाडीपुढे काही मीटरवर फुटतो. गाडी अर्धा हात पुढे घ्यावी लागते. पण फार पुढे घेतली तर पोट उघडे पडते. नळी खाली झुकण्यालाही मर्यादा आहे, त्यामुळे उंच कड्यावरून पायथ्याचे लक्ष्य टिपताच येत नाही. गाडीला मार बसला की पडद्याच्या कोपऱ्यात हल (गाडीचा सांगाडा), इंजिन, टरेट (तोफेचा फिरता घुमट), गन अशी नावे पिवळी-तांबडी होत जातात. गन तांबडी झाली की मागे फिरून दुरुस्ती करणारा सैनिक किंवा बॉबकॅट ही आधारगाडी गाठणे, एवढेच उरते.

विमानविरोधी गाडीचे तंत्र निराळे आहे, आणि फसव्या क्लिपांचा मोठा भाग तिथूनच येतो. मे २०१७ मधल्या जेट्स या जोड-आवृत्तीपासून या गाड्यांना खरेखुरे वागणारे रडार मिळाले. कंट्रोल आणि आर दाबले की ते चालू होते. चालू असेपर्यंत शत्रूच्या विमानालाही आपला पत्ता लागतो, म्हणून अनुभवी गनर ते बंद ठेवून वाट पाहतो. विमानावर लॉक मिळाले, म्हणजे यंत्रणेने ते पकडून धरले, की त्याच्या पुढे एक छोटे वर्तुळ दिसू लागते. फुली विमानावर न धरता त्या वर्तुळावर धरायची. विमान सरळ येत असताना किंवा सरळ जात असतानाच गोळे लागतात. ते आडवे वळले की वर्तुळ उड्या मारते, तेव्हा मारा थांबवावा. संगणकाचा गनर मात्र थांबत नाही. तो वळणाऱ्या विमानामागे प्रकाशरेषांचा मोठा झोत फिरवत राहतो. तो झोत दिसायला फार देखणा असतो, आणि क्लिपा बनवणाऱ्यांना तोच हवा असतो.

इथून पुढचा भाग वृत्तकक्षासाठी.

खऱ्या तोफेला तापण्याची मर्यादा असते. खेळातल्या मूळ गाड्यांच्या तोफा तापून अडत नाहीत. मॅगझिन संपेपर्यंत झाडत राहतात. आपल्या यांत्रिक पायदळाच्या बीएमपी-२ ‘सारथ’ गाडीवर ३० मिमीची २ए४२ तोफ आहे. तिचे ५०० गोळे दोन पट्ट्यांत विभागलेले असतात, ३४० स्फोटक आणि १६० चिलखतभेदी. मारगतीही दोन. संथ गतीत मिनिटाला २०० ते ३००, जलद गतीत ५५० किंवा त्याहून जास्त. मिनिटाला ५५० ने ३४० गोळे सदतीस सेकंदांत संपतात, आणि नवा पट्टा भरायला माणसांना हाताने काम करावे लागते. जलद गतीत बारुदाचा धूर टरेटमध्ये साठतो हीदेखील या तोफेची जुनी अडचण आहे. शिल्काच्या २३ मिमीच्या चार नळ्या मिळून मिनिटाला सुमारे ३४०० गोळे सोडतात आणि गाडीत असतात २०००. म्हणजे सगळे मिळून पस्तीस सेकंदांचा मारा, तोही तुटक झटक्यांत, कारण पाणी खेळवून थंड ठेवलेल्या नळ्याही अखंड मारा सोसत नाहीत. एखाद्या क्लिपमध्ये शिल्का मिनिटभर न थांबता झाडताना दिसत असेल तर बाकी काही तपासायची गरजच नाही.

गोळे मोजता येतात. क्लिप पाव वेगाने चालवावी आणि एका सेकंदात नळीतून किती प्रकाशरेषा निघतात ते मोजावे. एल-७० ही एका नळीची तोफ आहे, मिनिटाला सुमारे ३००, म्हणजे सेकंदाला पाच गोळे. प्रत्येक गोळ्याला ट्रेसर, म्हणजे मागे प्रकाशरेषा सोडणारा जळता भाग, असेलच असे नाही, म्हणून खऱ्या चित्रणात मोजणी पाचपेक्षा कमी भरू शकते. जास्त भरू शकत नाही. ‘एल-७० चा मारा’ म्हणून आलेल्या क्लिपमध्ये एकाच नळीतून सेकंदाला वीस रेषा निघत असतील तर दावा खोटा. क्लिप खेळातली आहे की दुसऱ्याच कुठल्या देशातल्या तोफेची, हे पुढचे काम.

रंगही पाहावा. खेळात नाटोचे ट्रेसर लाल, सीसॅटचे हिरवे आणि बेटाच्या सैन्याचे पिवळे असतात. लाल-हिरवा फरक खऱ्या जगातही आढळतो, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. पिवळ्याधमक, एकसारख्या लांबीच्या रेषा मात्र संशय घेण्याजोग्या. गोळे जिथे पडतात तिथेही लक्ष द्यावे. या खेळात जमीन खचत नाही. स्फोटानंतर खड्ड्याचे चित्र जमिनीवर चिकटते, माती मात्र पहिल्यासारखीच सपाट राहते. झाड अख्खेच्या अख्खे एका बाजूला पडते, फांद्या तुटत नाहीत. इमारत धुळीच्या लोटाआड जाते आणि लोट विरला की तिथे तयार भग्नावशेष उभा असतो. गाडी पेटली की क्षणात काळी पडते, पण तिचा आकार बहुधा शाबूत राहतो. पडद्यावर माणसे हालताना दिसत नसतील तर तेही ध्यानात घ्यावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये खुद्द बोहेमिया कंपनीनेच आपल्या खेळाच्या बनावट क्लिपांविषयी निवेदन काढले, त्यात अंधार, हलता कॅमेरा, गायब आवाज आणि माणसांचा अभाव या खुणा दिल्या होत्या.

काही प्रचलित समजुती मात्र सोडून द्यायला हव्यात, कारण त्यांच्या भरवशावरच चुका होतात. ‘स्फोट आधी दिसला आणि आवाज नंतर आला, म्हणजे खरे’ असे मानले जाते. आर्मा आवाजाचा वेग पाळतो. एक किलोमीटरवरचा स्फोट खेळातही तीन सेकंदांनी ऐकू येतो. ‘पडद्यावर आकडे, फुली, नकाशा काही नाही, म्हणजे खेळ नाही’ हेही चूक. खेळाच्या थांबा-मेनूत स्प्लेंडिड कॅमेरा नावाची सोय आहे. तिच्यातून आकडेबिकडे काहीही न दाखवता कुठल्याही कोनातून चित्रण करता येते. तिसरी समजूत अशी, की गाड्या काल्पनिक असल्यामुळे जाणकार त्या लगेच ओळखेल. मूळ गाड्यांपुरते ते खरे आहे. पण स्टीम या संगणकखेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या वर्कशॉपमध्ये खेळाडूंनी बनवलेली मॉड, म्हणजे मूळ खेळात घालायच्या जोडण्या, फुकट मिळतात. आरएचएस आणि सीयूपी या मॉडमध्ये बीएमपी-२, ब्रॅडली, शिल्का अशा आजच्या खऱ्या गाड्या आहेत, आणि त्यांचे काम इतके बारकाईचे आहे की दूरच्या चित्रात गाडीवरून निवाडा करणे धोक्याचे.

यावर वृत्तकक्षाने एक काम करावे असे आम्ही सुचवतो. खेळ एका संगणकावर ठेवावा आणि संशयित क्लिपसारखे दृश्य स्वतः रचून पाहावे. मोहिमा रचण्यासाठी खेळातच असलेल्या ईडन संपादकात (एडिटरमध्ये) अल्टिसचा नकाशा उघडायचा. समुद्रकिनाऱ्याजवळ टिग्रिस ठेवायची. तीन-चार किलोमीटरवर नाटोचे विमान हवेत ठेवायचे आणि त्याचा मार्ग गाडीवरून जाईल असा आखायचा. वातावरणाच्या चौकटीत वेळ रात्रीची करायची, ढग वाढवायचे आणि दृश्य चालू करायचे. संगणकाचा गनर विमान टिपू लागला की स्प्लेंडिड कॅमेऱ्यातून लांबून पाहायचे. झोताची वक्रता, झटक्यांमधले अंतर, रेषा विझण्याची जागा आणि विमान पेटल्यावर ते पडण्याची पद्धत आपल्याकडच्या क्लिपशी जुळते का ते ताडून पाहायचे. विमान ठेवले आणि तोफ गप्पच राहिली तर बहुधा दोन्ही एकाच बाजूची ठेवलेली असतात, किंवा टिग्रिस रिकामी, चालक-गनरविना ठेवलेली असते. संपादकात माणसांसह आणि माणसांविना अशा दोन्ही प्रकारे गाडी ठेवता येते, तेवढे पाहून घ्यावे.

खऱ्या तोफेच्या बाजूने ताडून पाहायलाही माणसे दूर शोधायला नकोत. यांत्रिक पायदळाचे आणि चिलखती दलाचे अशी दोन्ही प्रशिक्षण केंद्रे अहिल्यानगरला आहेत. बीएमपीवर गनर म्हणून सेवा केलेल्या निवृत्त जवानाला दहा सेकंदांची क्लिप दाखवली तर मारगती, झटक्याची लांबी आणि नळीचा धक्का यांवरून तो जे सांगेल, ते कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा आधी कळेल. आपल्या दैनिकाने अशा दोन-तीन निवृत्त गनरचे आणि हा खेळ जाणणाऱ्या दोन-तीन तरुणांचे दूरध्वनी रात्रपाळीच्या टेबलावर ठेवावेत, आणि युद्धाची कुठलीही रात्रीची चित्रफीत संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी दोन्हीकडे दाखवावी. आमच्यापैकी काहीजण या कामासाठी विनामोबदला उपलब्ध राहायला तयार आहेत.

आपले,
आर्मा खेळणारे काही वाचक, पुणे